काचबिंदूनंतरचं वाचन: सरकारी कार्ड, बोलकी पुस्तकं आणि वाचणाऱ्यांचे आवाज

मी गंगाखेडचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवली आणि तिथूनच निवृत्त झालो. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. २०२३ च्या दिवाळीपर्यंत कसंबसं वाचत होतो, त्यानंतर छापलेलं पान हातातून सुटलं. बऱ्याच जणांना वाटतं की चष्म्याचा नंबर वाढला असेल. काचबिंदूचं तसं नसतं. समोरचं अक्षर दिसतं, पण त्याच्या आजूबाजूचं दिसत नाही. एक ओळ वाचून झाली की खालची ओळ सापडत नाही, सापडते ती दोन ओळी पुढची. पान संपेपर्यंत डोकं दुखायला लागतं आणि काय वाचलं ते हाती राहत नाही. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालायचे ते उरलेली टिकावी म्हणून, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

चाळीस वर्षं रोज रात्री वाचून झोपणाऱ्या माणसाला त्या दिवसांत काय वाटलं असेल ते लिहीत बसत नाही. पुढं जे जे करावं लागलं ते लिहितो. अशी वेळ आलेल्याला काय करायचं हे एका जागी सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं. हा मजकूर मी फोनला बोलून लिहिला आहे आणि शुद्धलेखन मुलीनं तपासलं आहे.

मुलगी पुण्यात असते. तिनं जानेवारी २०२४ मध्ये फोनवर सांगितलं, "अप्पा, आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढा. पुढचं सगळं त्याच्यावर अडतं." मला ते नको होतं. मी तर अजून रस्त्यानं एकटा चालत होतो. पण तिनं सांगितलेलं खरं होतं. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी जी सरकारी ऑनलाइन लायब्ररी आहे, तिथं पुरावा लागतो.

अर्ज स्वावलंबन कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या पोर्टलवर होतो. मी महा ई-सेवा केंद्रातून भरला. आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो, सही आणि डोळ्यांचे कागद एवढं लागलं. केंद्रवाल्यानं शंभर रुपये घेतले. प्रमाणपत्राला स्वतःची अशी फी नाही. अर्जात आजाराचा प्रकार निवडताना 'अंधत्व' आणि 'कमी दृष्टी' असे दोन वेगळे पर्याय येतात. कमी दृष्टी हाही कायद्यात स्वतंत्र प्रकार आहे, म्हणजे पूर्ण अंधार होईपर्यंत थांबायची गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व धरलं आहे.

टक्के कसे ठरतात हे काचबिंदूच्या माणसानं नीट समजून घ्यावं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मी चष्मा लावून बऱ्यापैकी खालपर्यंत वाचतो. तेवढ्यावरच ठरवलं तर माझे टक्के फार कमी भरतील. पण नियमात नजरेच्या क्षेत्राचाही हिशेब आहे. चांगल्या डोळ्याचं क्षेत्र ४० अंशांच्या आत आलं की कमी दृष्टी धरतात, १० अंशांच्या आत गेलं की अंधत्व. हे मोजणारी तपासणी म्हणजे फिल्ड टेस्ट. अंधाऱ्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी ती खासगीत आधीच करून घेतली होती, हजाराच्या आसपास खर्च आला. दोन्ही डोळ्यांचे छापील रिपोर्ट आणि मागच्या वर्षीचे जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून नेले. प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या बोर्डावरच्या डॉक्टरांनी तक्ता वाचून घेतला, मग ती फाइल मागितली आणि बराच वेळ बघत राहिले. फाइल नसती तर पुन्हा कधीतरी यावं लागलं असतं.

गंगाखेडहून परभणीला मी रेल्वेनं गेलो. दिव्यांग बोर्डाचा वार ठरलेला असतो, तो आधी विचारून घ्यावा. सकाळी लवकर केसपेपर काढला की दुपारपर्यंत नंबर लागतो. सोबत एक माणूस हवाच, कारण खोली बदलली की कागद इकडचे तिकडे द्यावे लागतात. रांगेत माझा एक जुना विद्यार्थी भेटला, आईला घेऊन आला होता. "गुरुजी, तुम्ही बसा, मी बघतो," म्हणून त्यानंच दोन्ही फायली पुढं नेल्या. मार्चमध्ये तपासणी झाली. पुढं लोकसभेची निवडणूक लागली, आमच्याकडं २६ एप्रिलला मतदान होतं. जूनमध्ये ७० टक्क्यांचं प्रमाणपत्र पोर्टलवर दिसलं आणि कार्ड नंतर पोस्टानं घरी आलं. कार्डाची वाट बघत बसू नका, पोर्टलवरून उतरवून घेतलेलं प्रमाणपत्र लायब्ररीला चाललं. माझं झाल्यावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. आता आधार सक्तीचं आहे आणि प्रमाणपत्र द्यायची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली आहे, तेव्हा तेवढा वेळ धरून चालावं.

वाट बघण्याचे ते महिने मी फोन शिकण्यात घातले. यातलं काहीच वाचणाऱ्यानं लक्षात ठेवलं नाही तरी एवढं ठेवावं: थोडं दिसतंय तोवरच फोन कानानं चालवायला शिका. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक म्हणून सोय असते. ती चालू केली की बोट जिथं टेकेल तिथलं नाव फोन बोलतो, उघडायचं असेल तर दोनदा टेकवायचं, पान सरकवायचं तर दोन बोटांनी. आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक चालू-बंद होतो, पण ही सोय सेटिंगमध्ये एकदा लावून घ्यावी लागते. पहिले पंधरा दिवस फार चिडचिड झाली. फोन आला तर उचलता येईना. डोळ्यांनी बघून खात्री करता येत होती म्हणूनच निभावलं.

लायब्ररीचं नाव सुगम्य पुस्तकालय. ती २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. डेझी फोरम ऑफ इंडिया नावाच्या संघात देशभरातल्या संस्था आहेत, त्यांनी तयार केलेली पुस्तकं तिथं एकत्र मिळतात. सभासद होताना त्यांतली एखादी संस्था निवडावी लागते आणि तिनं कागद तपासून मान्यता दिली की खातं सुरू होतं. मला त्याला काही आठवडे लागले. एक फोन करून आठवण द्यावी, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. ही पुस्तकं कायदेशीर आहेत, चोरीची नाहीत, हेही सांगतो, कारण मला स्वतःला ती शंका होती. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांसाठी वाचता येईल अशी प्रत नफ्याशिवाय करायला मोकळीक मिळाली. याच विषयावरचा मराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ चा, आणि त्याला सगळ्यांत आधी, २०१४ मध्ये, मंजुरी देणारा देश आपला आहे.

सभासद झाल्यावर मराठी पुस्तकं शोधली. मिळाली, पण त्यातली बरीच माणसाच्या आवाजातली नाहीत. मजकूर असतो आणि तो फोनचा यंत्राचा आवाज वाचतो. माणसाच्या आवाजासाठी मी पैसे भरून ऐकायची ॲपं घेतली. स्टोरीटेल २०१७ पासून भारतात आहे आणि त्यावर मराठी पुस्तकं भरपूर आहेत. शिवाय यूट्यूबवर लोकांनी हौसेनं वाचलेलं पुष्कळ आहे. गेल्या दीड वर्षात मी रोज चार-पाच तास ऐकत आलो आहे. आता त्या वाचनांबद्दल मला काय वाटतं ते मोकळेपणानं सांगतो.

आमच्याकडं श्रावणात मारुतीच्या पारावर पोथी लागायची. वाचणारा एक असायचा आणि अर्थ सांगणारा दुसरा. वाचणारा ओवी सरळ, ठरलेल्या चालीत वाचायचा, स्वतःकडून तीत काही घालायचा नाही. रडायचं का हसायचं ते ऐकणाऱ्यांचं काम. ऑडिओबुक वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. ते वाचत नाहीत, अभिनय करतात. पात्र बदललं की आवाज बदलतो. म्हातारी आली की खोकल्यासारखा आवाज, पाटील आला की दरडावणी, लहान मूल आलं की बोबडं. अर्ध्या तासात कान थकतो. डोळ्यांनी वाचताना त्या म्हातारीचा आवाज मी मनात लावत होतो. तो हक्क वाचणाऱ्यानं काढून घेऊ नये.

पार्श्वसंगीत तर मला अजिबात चालत नाही. दुःखाच्या जागी बासरी, गावाच्या वर्णनाला बैलाच्या घुंगरांचा आवाज, पाऊस म्हटलं की पाऊस. एका कादंबरीत लेखकानं बारा ओळींत शांतता उभी केली होती आणि मागं सतार वाजत होती. मला रस्त्याचा, घरातला आवाज ऐकू येत राहावा म्हणून मी एकाच कानात हेडफोन लावतो. त्यात संगीत मिसळलं की शब्द तुटतात. वेग वाढवला तर आणखी वाईट. घेण्याआधी नमुना ऐकता येतो तिथं सुरुवातीच्या जाहिरातीवर जाऊ नका, मधलं कुठलंही एक मिनिट ऐका.

'श्यामची आई' मी नातवासोबत ऐकलं. ते पुस्तक कानासाठीच रचलेलं आहे. आश्रमात श्याम रोज रात्री एकेक गोष्ट सांगतो, म्हणून प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं, एकूण ४२. आम्हीही रात्री एकच ऐकायचो. वेगवेगळ्या लोकांनी वाचलेलं दोन ठिकाणी ऐकलं. एका वाचणाऱ्याचा गळा इतका दाटून येतो की आमचे डोळे कोरडेच राहिले. दुसरा एक साधा, थोडा खर्जातला आवाज होता, वाक्य संपलं की पूर्ण थांबणारा. नातू सातवीत आहे. मधेच उठून पाणी प्यायला जाणारा पोरगा त्या आवाजाला हलला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी आयुष्यात कितीदा वाचलं असेल. ते ऐकताना धाकधूक होती. बाई बोलतात तसं लिहितात, छोटी वाक्यं, आणि विनोद वाक्याच्या शेवटी अलगद येतो. वाचणारीनं तो आधीच ओळखून आवाजात हसू आणलं की संपलं. मी ऐकलेल्या वाचनात सुरुवातीची प्रकरणं याच कारणानं मला रुचली नाहीत. पुढं मात्र त्या वाचणाऱ्या बाई पुस्तकात रमत गेल्या, आवाज खाली आला, आणि शेवटचा भाग तर मी पुन्हा ऐकला. लांब पुस्तकात असं होतं, पहिल्या तासावरून वाचणाऱ्याला सोडून देऊ नये.

ग्रामीण कथांबद्दल माझी तक्रार मोठी आहे. आमच्या परभणीकडं "कुठं जायलास?" म्हणतात, म्हणजे कुठं चालला आहेस. कथेत ते बरोबर छापलेलं असतं. वाचणारा शहरातला असला की तो 'जायला' वर थांबतो आणि 'स' सोडून दिल्यासारखा मागून लावतो. प्रश्न प्रश्नच राहत नाही. काही जण तर सगळ्या गावांसाठी एकच हेल वापरतात, नाकातून ओढलेला. कोल्हापूरचा गडी, नांदेडचा सालदार आणि वऱ्हाडातली बाई एकाच गावची वाटायला लागतात. दुष्काळातल्या माणसांची गोष्ट असल्या हेलात ऐकली की मला राग येतो. ज्याला ती बोली येत नाही त्यानं आपल्या साध्या आवाजात वाचावं, लेखकानं लिहिलेले शब्द पुरेसे असतात. आणि मराठवाड्यातल्या कथा वाचायला मराठवाड्यातली माणसं घ्यावीत. आमच्याकडं आवाज कमी नाहीत. आकाशवाणी परभणीवर किती चांगले आवाज ऐकत आम्ही मोठे झालो.

ज्ञानेश्वरीच्या बाबतीत घरात वाद झाला. एक गाऊन म्हटलेली होती. गोड होती, पण रागात अर्थ बुडाला. दुसरी निरूपणासह होती, त्यात ओवी एक मिनिट आणि निरूपण वीस मिनिटं. तिसरा वाचणारा प्रत्येक ओवी घोषणेसारखी म्हणत होता. आमच्या मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हा माणूस पोथी वाचायलाय का भाषण करायलाय?" ओवीचे पहिले तीन चरण यमकानं बांधलेले असतात आणि चौथा आखूड, मोकळा. त्या चौथ्यावर श्वास घ्यायला जागा द्यावी लागते. ती जागा देणारं एक जुनं, खरखरीत ध्वनिमुद्रण शेवटी सापडलं. आता सकाळी तेच लागतं.

यंत्राच्या आवाजाबद्दल लोक नाक मुरडतात. माझं मत वेगळं झालं आहे. सुरुवातीला फार त्रास होतो. गुरांच्या 'चारा' मधला च आणि 'चार' मधला च त्याला एकच वाटतो, त्यामुळं चारा छावणीवरचा लेख ऐकताना मी अडखळत होतो. १९७२ चा दुष्काळ तो 'एक हजार नऊशे बहात्तर' म्हणून वाचतो. स्कॅन केलेल्या पुस्तकात 'ख' चा 'रव' झालेला असतो आणि यंत्र तो तसाच वाचतं. पण वैचारिक लेखन, इतिहास, अग्रलेख यांना हा आवाज चांगला आहे. तो मला काही पटवायला बघत नाही. दोन-तीन आठवड्यांत कान सरावतो आणि मग फक्त मजकूर उरतो. मी तो आता दीडपट वेगानं ऐकतो. कविता मात्र यंत्राकडून ऐकू नये.

वैचारिक पुस्तकांसाठी डेझी पद्धतीची पुस्तकं आणखी एका कारणानं बरी. त्यात शीर्षकावरून शीर्षकावर जाता येतं, पुस्तक तसं तयार केलेलं असेल तर पानावरून पानावरही. शिक्षकाला मागचं वाक्य पुन्हा बघायची सवय असते. पैशाच्या ॲपांत बहुधा प्रकरणापर्यंतच जाता येतं, मग अंदाजानं मागं मागं जात राहावं लागतं. तळटिपा तर कुणी वाचतच नाही. इतिहासाच्या पुस्तकात तळटीप गाळली की लेखकाचा अर्धा पुरावा गेला. ती गाळली आहे एवढं तरी सुरुवातीला सांगावं.

लेखकानं स्वतः वाचलेली काही पुस्तकंही ऐकली. आवाज तयार नसतो, मधे श्वास ऐकू येतो, तरी मला ती आवडतात. जोर कुठल्या शब्दावर आहे हे त्याला ठाऊक असतं.

खर्चाचं सांगायचं तर लायब्ररीच्या पुस्तकांना मी पैसे दिले नाहीत. हेडफोन चारशेचा, तारेचा घेतला, कारण चार्जिंगची भानगड नको आणि पडला तर तार धरून सापडतो. ॲपचे पैसे वर्षाचे एकदम भरले तर स्वस्त पडतं, पण आधी महिनाभर घेऊन मराठीत आपल्याला हवं ते आहे का बघावं. दहा तासांच्या पुस्तकाला तीनेकशे एमबी किंवा जास्त लागतात. रात्री उतरवून ठेवावं, आमच्याकडं लाइट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही. झोपताना ऐकणार असाल तर स्लीप टायमर पंधरा मिनिटांवर लावा. नाहीतर सकाळी कादंबरी संपलेली असते आणि तुम्ही दुसऱ्याच प्रकरणात असता.

दिवाळी २०२४ चे अंक मी ऐकू शकलो नाही, ही खंत राहिली. ते ध्वनीत फार कमी येतात. पुस्तकांपेक्षा त्यांचीच सवय जुनी. मंडळींनी दोन कथा वाचून दाखवल्या, तेवढंच.

या वर्षी एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती सेलूकडं शिक्षिका आहे. "सर, मी तुमच्यासाठी पुस्तक वाचून रेकॉर्ड करू का?" मी म्हटलं, माझ्या एकट्यासाठी नको, डेझी फोरममधल्या संस्थेशी बोलून कर, म्हणजे सगळ्यांना मिळेल. संस्था आधी आवाजाचा छोटा नमुना मागू शकते. मी तिला एवढंच सांगितलं: पात्रांचे आवाज काढायचे नाहीत, मागं काही वाजवायचं नाही, पान बदललं की पानाचा आकडा बोलायचा, तळटीप आली की 'तळटीप' म्हणून ती वाचायची आणि 'तळटीप संपली' म्हणायचं. आपल्या बोलीतला संवाद आला की घरी बोलतो तसा बोलायचा, लाजायचं नाही. मागच्या आठवड्यात तिनं पहिलं प्रकरण पाठवलं. बोली नेमकी आली आहे. परिच्छेदांच्या मधे आणखी थोडं थांब आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद कर, असं कळवलं आहे. दुसरं प्रकरण ती शाळेला सुट्टी लागल्यावर पाठवणार आहे.